एकशे चाळीस नवरदेव

सोनाळ्याजवळच्या टेकडीवरून काढून अभयारण्याच्या कुंपणात नेऊन लावलेल्या काटवलाच्या एकशे चाळीस वेली जगल्या. एकही मेली नाही. आणि एकशे चाळीसच्या एकशे चाळीस नर निघाल्या.

असं काही झालेलं नाही. संस्थेच्या अहवालात हे झालेलं नाही, समारंभाच्या फलकावर झालेलं नाही, पेपरातल्या फोटोखालच्या ओळीत तर मुळीच झालेलं नाही. तेव्हा आपणही ते झालेलं नाही असं धरून चालू आणि गोष्ट सुरुवातीपासून सांगू. म्हणजे देवेशपासून.

देवेश खामगावचा. वडील कारकुनीतून निवृत्त झालेले, आई शाळेत शिकवणारी. घरात झाडं दोनच, एक तुळस आणि एक मनीप्लांट, आणि मनीप्लांटची पानं आई दर रविवारी ओल्या फडक्यानं पुसायची. अशा घरातल्या मुलानं वनस्पतिशास्त्रात एम. एस्सी. केलं तेव्हा शेजारच्यांनी फक्त एवढंच विचारलं, "मग आता नर्सरी टाकणार का?" देवेशनं नर्सरी टाकली नाही. तो एका पर्यावरण संस्थेत लागला.

संस्थेचं काम नेमकं होतं. सातपुड्याच्या पायथ्याशी एक गिट्टी खदान होती. तिला शेजारची टेकडी हवी होती, कारण रस्त्यांना गिट्टी हवी होती, कारण गावांना रस्ते हवे होते. इथपर्यंत कुणाचंच चुकलेलं नव्हतं. टेकडी फोडायला परवानगी मिळाली, पण एका अटीवर. टेकडीवरच्या देशी वनस्पती आधी सुरक्षित जागी हलवायच्या. सुरक्षित जागा म्हणजे अभयारण्याच्या कडेचा तारेच्या कुंपणातला एक तुकडा. हलवणार कोण, तर संस्था. संस्थेत हलणारा माणूस एकच, देवेश. संस्थेचे प्रमुख लक्ष्मीकांत सर, निवृत्त प्राध्यापक, ते हलत नसत. ते मार्गदर्शन करीत.

"देवेश, कोणती प्रजाती घ्यायची ते शांतपणे ठरवू," सर म्हणाले. मग त्यांनी शांतपणे ठरवलं. सालईची झाडं पोत्यात मावत नव्हती. गवत फोटोत गवतासारखंच दिसत होतं. कळलावीला सुंदर फूल होतं, पण समारंभाच्या फलकावर 'कळलावी' असं मोठ्या अक्षरात लिहिणं सरांना बरं वाटेना. उरलं काटवल.

काटवल म्हणजे बोराहून मोठी, हिरवी, अंगभर मऊ काटे असलेली रानभाजी. पुण्याकडे तिला करटोली म्हणतात आणि ती मिळाली की तिचा फोटो काढतात. इकडे ती आषाढ-श्रावणात आपोआप येते. वेल पावसाळ्यानंतर वाळून जाते, पण जमिनीखाली रताळ्यासारखा कंद तग धरून असतो आणि पुढच्या पावसात पुन्हा डोकं वर काढतो. कंद पोत्यात मावतो. सर म्हणाले, "आदर्श प्रजाती."

देवेश पहिल्यांदा टेकडीवर गेला तो श्रावणात. झुडपाझुडपावर वेली चढलेल्या, पिवळी फुलं, पानाआड काटवलं. त्यानं मोठ्या उत्साहानं पहिल्याच भरघोस वेलीच्या बुडाशी नंबराची खुंटी ठोकायला हातोडी उचलली.

"ए भाऊ! हात नको लावू त्या वेलीले!"

खालून एक बाई चढून येत होती. कमरेला पदराचा ओटा बांधलेला, ओट्यात काटवलं. साठीची असेल, पण चढ अशी चढत होती की देवेशला स्वतःच्या दमल्याची लाज वाटली. या गोष्टीतली ही पहिली लाज, आणि सगळ्यात स्वस्त.

"दिसत नाही का बे तुले? चिंदी बांधली हाय ना!"

खरंच, वेलीच्या बाजूच्या काटकीला लाल कापडाची चिंदी बांधलेली होती.

"चिंदी म्हणजे?"

"म्हणजे माही वेल. त्या बाजूची पिवळी चिंदी, ते सिंधूची. ज्या वेलीले चांगली काटवलं लागतात, तिले आम्ही चिंदी बांधतो. मंग दुसरं कोणी तोडत नाही. तू कोण हायेस? खदानीचा?"

"नाही, नाही. मी वेली वाचवायला आलोय."

बाई त्याच्या हातातल्या हातोडीकडे पाहत राहिली. "असं का," ती म्हणाली.

तिचं नाव सत्यभामाबाई. ती आणि गावातल्या पाच-सहा बाया दर पावसाळ्यात या टेकडीवरून काटवलं तोडून सोनाळ्याच्या बाजारात बसत. देवेशनं सगळं समजावून सांगितलं. टेकडी जाणार, पण वेली जाणार नाहीत. त्या तिकडे कुंपणात लावायच्या, आणि गावातल्या बायांना तिथं तोडायची मुभा राहील, तशी परवानगी सरांनी काढली आहे. सत्यभामाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग त्याला घरी नेऊन भाकरी आणि काटवलाची भाजी वाढली, कारण तिच्या मते तो वाळला होता.

"मंग तिकडं लागतील ना काटवलं?"

"लागतील की, मावशी. पुढच्या आषाढात तुम्ही तिकडूनच तोडाल. मी शब्द देतो."

शब्द कुणी मागितला नव्हता. तिसरी भाकरी खाताना माणूस काय वाट्टेल ते देतो.

एवढं सगळं झालं तरी देवेशच्या डोक्यात नीट बसलं ते पहिलं वाक्य. हात नको लावू त्या वेलीले. लहानपणापासून त्याला ओरडा खाल्लेला विसरता येत नसे, भाकरी मात्र विसरता येई. त्यानं मनात नियम करून टाकला: चिंदी म्हणजे हात लावायचा नाही.

कंद काढायचे ते वेली वाळल्यावर, माघात. सुरुंग लावायला सुरुवात झाल्यामुळे टेकडीवर गावकऱ्यांना बंदी केलेली. मजूर खदानवाल्यानं बाहेरून आणलेले. देवेश टिकाव-फावडी घेऊन वर गेला आणि जागेवरच थबकला. टेकडीभर चिंध्या. जुन्या विटक्या नव्हेत, नव्या कोऱ्या. हिरव्यागार कापडाच्या, दुहेरी गाठीच्या, लांबून दिसाव्यात अशा. वाळक्या झुडपांतून त्या अशा फडफडत होत्या की जणू टेकडीनंच हरकत घेतली आहे.

त्यानं सरांना फोन लावला.

"सर, लोकांनी रातोरात चिंध्या बांधल्यात. हे ऑब्जेक्शन दिसतंय."

"किती वेलींना?"

"जवळजवळ निम्म्या."

"म्हणजे निम्म्या मोकळ्या आहेत?"

"हो सर."

"आपल्याला किती लागतात?"

"एकशे चाळीस."

"मोकळ्या तेवढ्या होतील?"

"होतील, सर."

"मग वाद कशाला? बिनचिंदीच्या घ्या. वादग्रस्त वेली वगळल्या, असं लिहा. लोकभावनेचा आदर. छान दिसेल."

सत्यभामाबाईचं घर टेकडीच्या पायथ्याशीच होतं. देवेश उतरला असता, दारात उभा राहून 'मावशी, हे काय?' एवढे तीन शब्द बोलला असता, तर ही गोष्ट झालीच नसती. त्याच्या मनात ते आलंही. दोनदा आलं. पण ती पुन्हा 'दिसत नाही का बे तुले' म्हणाली तर? मजुरांसमोर? एम. एस्सी. झालेल्या माणसानं किती वेळा ओरडा खायचा याला मर्यादा आहे. तो उतरला नाही. त्यानं बिनचिंदीच्या वेलींचे कंद अगदी जपून काढले. एकाही कंदाला टिकाव लागू दिला नाही. ओल्या गोणपाटात गुंडाळले, कुंपणातल्या खड्ड्यांत आपल्या हातानं ठेवले. काम इतकं चोख की मजूरसुद्धा म्हणाले, "साहेब, बटाटे बी कोणी एवढे जपत नाही."

त्याच आठवड्यात उरलेल्या टेकडीला सुरुंग लागले.

परतताना वाटेत सत्यभामाबाई भेटली. दूरवर धूळ उडत होती. ती तिकडे पाहत नव्हती.

"दिसल्या ना रे चिंध्या?"

"दिसल्या, मावशी. लांबूनच दिसल्या."

"नवीन बांधल्या होत्या. जुन्या तुले दिसल्या नसत्या. चश्मेवाला माणूस." ती हसली.

"नाही, बरं केलंत. मी अगदी काळजी घेतली."

"मंग झालं," ती म्हणाली.

ती समाधानानं गेली. तोही समाधानानं गेला. तिला वाटलं, पोरानं खूण बरोबर ओळखली. त्याला वाटलं, बाईला आपण तिच्या वेलींना हात लावला नाही याचा आनंद झाला. दोन माणसं एकाच गोष्टीवर इतकी पूर्ण आणि इतकी उलटी समाधानी झाल्याचं उदाहरण संग्रामपूर तालुक्यात तरी दुसरं नसेल.

मग पाऊस आला आणि कंदांनी कमाल केली. सगळे उगवले. कुठलंही रोप हलवलं की थोडी तूट होतेच, पण इथं शंभर टक्के. सरांनी फोनवर 'शंभर' हा शब्द तीनदा उच्चारला आणि तिसऱ्यांदा त्यांचा आवाज जड झाला. समारंभ ठरला. खदानवाला मांडव देणार, वनखात्याचे मोठे साहेब येणार, पेपरवाले येणार.

काटवलाची फुलं संध्याकाळी उमलतात. एका संध्याकाळी देवेश कुंपणात फोटो काढायला गेला. दारावर रंगराव, रोजंदारीवरचा राखणदार, खुर्चीवर बसून शेंगदाणे खात होता.

"या साहेब. तुमची पोरं मजेत हायेत."

वेली काठ्यांवर चढल्या होत्या, पिवळी फुलं लटकत होती. देवेशनं कॅमेरा एका फुलाजवळ नेला. फुलाच्या खाली, देठाला, एक छोटं पान टोपीसारखं चिकटलेलं. त्यानं दुसरं फूल पाहिलं. टोपी. तिसरं. टोपी.

काटवलाच्या नर आणि मादी वेली वेगळ्या असतात. नर फुलाच्या देठाला ही टोपी असते. मादी फुलाच्या खाली इवलंसं काटेरी काटवलच असतं, उमलण्याआधीपासून. देवेशला हे माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत त्यानं आकृती काढून नावं देऊन हे लिहिलं होतं आणि त्याला पूर्ण गुण मिळाले होते. सरांनीच दिले होते.

तो वेलीमागून वेल पाहत गेला. आधी चालत, मग घाईनं, मग गुडघ्यांवर. टोपी, टोपी, टोपी. शेवटची ओळ संपली तेव्हा तो चिखलात बसला होता, आणि त्याच्याभोवती एकशे चाळीस टोपीवाले पिवळे चेहरे वाऱ्यावर डुलत होते, लग्नाला वेळेवर पोचलेल्या वऱ्हाडासारखे.

आणि मग चिंदी आठवली. ज्या वेलीले चांगली काटवलं लागतात, तिले आम्ही चिंदी बांधतो. म्हणजे चिंदी असलेली प्रत्येक वेल मादी होती, आणि बायांनी एकही मादी चिंदीवाचून सोडली नव्हती. आणि माघातल्या त्या नव्या, हिरव्या, दुहेरी गाठीच्या चिंध्या ही हरकत नव्हतीच. त्या त्याच्यासाठी बांधल्या होत्या. 'ह्याच वेली ने' म्हणून. बंदी असलेल्या टेकडीवर चोरून चढून, वाळक्या काड्यांतून आपली एकेक वेल ओळखून, चश्मेवाल्या माणसाला दिसावं म्हणून.

नेमक्या तेवढ्याच वेली त्यानं सुरुंगाला सोडल्या होत्या. लोकभावनेचा आदर म्हणून.

"काय झालं साहेब?" रंगराव उठून आला. "काही चावलं का?"

"रंगराव, या वेलींना काटवल लागलं का एखादं?"

"नाही बा. अजून त नाही. फुलंच फुलं. जवान पोरं हायेत, आता नटून राह्यले." त्यानं शेंगदाणे पुढे केले. देवेशनं घेतले. अशा वेळी माणूस शेंगदाणेही घेतो.

सरांना त्यानं त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलं.

"सगळ्या?" सर म्हणाले.

"सगळ्या."

"तुम्ही नीट पाहिलंत?"

"सर, तुम्हीच शिकवलंत कसं पाहायचं."

हे बोलायला नको होतं. सर शिकवताना वापरत त्या आवाजात म्हणाले, "देवेश, अट काय होती? वनस्पती हलवणे आणि जगवणे. जगल्या का? जगल्या. फळाचा उल्लेख अटीत कुठे आहे? लिंगाचा तर नाहीच."

"पण सर, मी गावातल्या बायांना शब्द दिलाय. आणि बी धरणारच नाही. या वेली म्हणजे आहेत तेवढ्याच. दुसऱ्या एखाद्या डोंगरावरून दोन मादी कंद आणून लावू, बस."

"कुंपणात फक्त त्या टेकडीवरचीच वनस्पती लावता येते. बाहेरचं रोप आत घेतलं की सगळीच परवानगी रद्द. मीच घालून घेतली ती अट. शुद्धतेसाठी." सरांनी विषय बदलला. "समारंभाला काटवलं लागतील. साहेबांना वेलीवरून तोडताना फोटो हवाय. खामगावच्या बाजारात मिळतात ना?"

"मिळतात."

"मग झालं तर."

देवेश नाही म्हणू शकला असता. त्यानं तोंड उघडलंही. पण त्यातून आलं ते, "किती आणू?"

समारंभाच्या दिवशी सकाळी तो पिशवीभर काटवलं घेऊन कुंपणात शिरला. खिशात आईच्या शिवणाच्या डब्यातली हिरव्या दोऱ्याची रीळ. कशाला हवी म्हणून आईनं विचारलं तेव्हा तो "प्रात्यक्षिक आहे" म्हणाला होता. आता तो एकेक काटवल वेलीच्या देठाला बांधू लागला. दुहेरी गाठ. दोरा पानाआड. जरा मागं जाऊन पाहायचं, खरं वाटतं का. मग पुढचं.

रंगराव खुर्चीवरून पाहत होता. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "साहेब, माह्या लग्नात माह्या सासऱ्यानं दुसऱ्याचा बैल आणून दावणीले बांधला होता. आमच्याकडं बैल हाय म्हणून दाखवाले."

"मग?"

"मंग काय. दुसऱ्या दिवशी त्याचा मालक घेऊन गेला. सासरा मरेपरेंत माह्याशी नजर मिळवून बोलला नाही." त्यानं एक शेंगदाणा फोडला. "त्या तिकडचं सैल झालं पाहा."

देवेशनं ते घट्ट केलं.

समारंभ अकराचा होता. मोठे साहेब पाच वाजता आले. तोवर फुलं उमलू लागली होती, त्यामुळे सर म्हणाले की बरंच झालं. मांडवात भाषणं झाली. 'शंभर टक्के' हे शब्द इतक्यांदा आले की मागच्या रांगेतली पोरं ते साहेबांच्या आधी म्हणू लागली. देवेश खांबाआड उभा होता. पहिल्या रांगेत सत्यभामाबाई बसली होती, नऊवारी नेसून, बाकीच्या बायांना घेऊन. तिनं त्याला शोधून काढलं आणि हात वर करून दाखवला. ती त्याच्यासाठी खूश होती. हे त्याला फारच लागलं.

मग सरांनी माईक घेतला. "आणि आता, साहेबांच्या विनंतीवरून, पहिलं काटवल तोडण्याचा मान आपण देतोय या टेकडीच्या खऱ्या मालकिणीला, सत्यभामाबाईंना!"

हे ठरलेलं नव्हतं. साहेबांना ऐनवेळी सुचलं होतं. टाळ्या. देवेश खांबाआडून पुढे आला, पण पुढे येऊन करायचं काय, हे त्याला ठरवता येईना. तेवढ्यात कॅमेरे वेलीकडे धावले होते.

सत्यभामाबाई वेलीपाशी गेली. तिनं आधी फुलाकडे पाहिलं, मग पूर्ण वेलीकडे, बुडापासून शेंड्यापर्यंत. मग काटवलाला हात घातला. काटवल तोडायला जोर लागत नाही, थोडं पिळलं की हातात येतं. हे आलं नाही. तिनं बोटं पानाआड सरकवली. बोटं थांबली.

देवेशला ती थांबलेली बोटं दिसली. इतर कुणालाच दिसली नाहीत.

तिनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. माईक समोर होता, पेपरवाले होते, मोठे साहेब होते. 'हे काय बे' म्हणायला याहून चांगली जागा आणि वेळ कुणाला मिळणार नाही. तिनं मूठ मिटली, दोरा मुठीत घेतला, एका झटक्यात तोडला आणि काटवल वर धरलं. दोऱ्याचं टोक अंगठ्याखाली दाबलेलं.

"हासा, मावशी!" फोटोवाला म्हणाला.

ती हसली. अगदी छान हसली. पेपरात तो फोटो आला आहे. त्यात मागं, खांबाजवळ, अर्धा देवेशही आला आहे. तो अर्धा आला हे बरं, कारण पूर्ण यायची त्याची लायकी नव्हती, असं त्याचं स्वतःचं मत आहे.

मांडव सोडत होते तेव्हा ती कुंपणाच्या कडेला दगडावर बसली होती. देवेश जाऊन समोर उभा राहिला. तिनं मूठ उघडली आणि दोऱ्याचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला.

"चिंदी मी बांधली होती, बाबू," ती म्हणाली. "तू त काटवलच बांधलं."

त्यानं सगळं सांगितलं. चिंदी म्हणजे हरकत वाटली. विचारायला यायची भीती वाटली. बिनचिंदीच्या नेल्या. सांगताना तो कुंपणाच्या तारेकडे बघत होता.

"म्हणजे आमच्या चिंदीच्या वेली..."

"तिथंच राहिल्या."

तिनं नेसल्या लुगड्याचा काठ बोटांनी चाचपला. मग म्हणाली, "माहं हिरवं लुगडं होतं ते. चांगलं होतं, नेसत होती मी. लाल रंग वाळक्या पाल्यात लपते म्हणून हिरवं फाडलं."

देवेशला वाटलं, जमिनीनं आपल्याला कंदासारखं आत घ्यावं. जमिनीनं घेतलं नाही. ती जमीन संरक्षित होती, आणि तो त्या टेकडीवरचा नव्हता.

"एकशे चाळीस नवरदेव आणले," ती कुंपणाकडे पाहत म्हणाली, "अन् नवरी एक नाही. कसं रे शिकलं तू?"

"पूर्ण गुण मिळाले होते, मावशी."

तिला हसू आलं. त्यालाही आलं, पण त्याचं अर्ध्यात मोडलं.

"मंग आता एखादी नवरी आण ना कुठून."

"दुसरीकडची चालत नाही. नियम आहे. त्याच टेकडीची पाहिजे."

"मंग टेकडीवरून आण."

"टेकडी नाही, मावशी."

"कुठं गेली?"

"गिट्टी झाली. रस्त्यात गेली."

"रस्ता त हाय ना?"

"रस्ता आहे."

"मंग माग रस्तेवाल्याईले. अर्ज कर. तू त लिहून राह्यतंच काही ना काही." ती उठली, लुगडं झटकलं. "आन् आमच्याकडं जेवाले येत जाय. घाबरतं काऊन?"

ती गेली. बाजारात ती हल्ली दोडके घेऊन बसते, ते दुसऱ्याच्या मळ्यातले असतात. देवेश तिच्याकडे जेवायला गेलेला नाही. दोनदा पायथ्यापर्यंत जाऊन आला. त्या नव्या रस्त्यानंच जावं लागतं, गाडी अगदी अलगद चालते, एक खड्डा नाही, आणि तो पूर्ण रस्ता तो अंग चोरून पार करतो, कुणाच्या तरी अंगावरून जात असल्यासारखा.

अर्ज मात्र त्यानं केला. सरांनी सही करायला नकार दिला, म्हणून एकट्याच्या सहीनं केला. तो असा:

प्रति,
ज्यांच्या ताब्यात सध्या टेकडी आहे ते सक्षम अधिकारी.

विषय : टेकडी मूळ जागी परत ठेवून मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, सोनाळ्याजवळील टेकडीवरील काटवलाच्या मादी वेली अर्जदाराच्या चुकीमुळे जागेवरच राहिल्या असून त्या सध्या गिट्टीसह रस्त्याच्या थरात समाविष्ट आहेत. तरी सदर रस्ता आपल्या सोयीने उकलून टेकडी येत्या आषाढापुरती पूर्वस्थितीत उभी करून मिळावी. काम होताच टेकडी तत्काळ परत करण्याची हमी अर्जदार देत आहे. या काळात वाहतूक पूर्वीच्या पायवाटेने वळवण्यास ग्रामस्थांची हरकत नाही, असे समजते. तथापि यावेळी अर्जदार त्यांना प्रत्यक्ष विचारून खात्री करेल.

वरीलप्रमाणे टेकडी देणे शक्य नसल्यास, थरातून निघणाऱ्या हिरव्या चिंध्या तरी मूळ मालकास परत करण्यात याव्यात. सदर चिंध्या दुहेरी गाठीच्या असून लांबूनही दिसतात. ओळख पटवण्यासाठी अर्जदार आपण ठरवाल त्या कार्यालयीन दिवशी, चश्म्यासह, समक्ष हजर राहील.

कळावे, ही विनंती.